बोअर तुमचा, पण खालचं पाणी तुमच्या एकट्याचं नाही

आज सकाळी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. टंचाईमुळे एका तालुक्यात तहसीलदारांनी खाजगी बोअर अधिग्रहित केले. खाली लगेच एकाचा मेसेज, "स्वतःच्या पैशानं पाडलेला बोअर, त्याला हात लावणारं सरकार कोण?" त्यावर धडाधड अंगठे. डोकंच सणकलं माझं.

मी लातूरची. 2016 चा उन्हाळा बघितलाय. मांजरा धरण कोरडंठाक, नळाला पाणी नाही, टाक्यांवर हाणामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये कलम 144. पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. साठी ओलांडलेली माझी आत्या घागर घेऊन टाकीवर गेली, तर पोलिसानं लांबूनच हटकलं, "मावशी, गर्दी करू नका, मागं व्हा." घरात प्यायला पाणी नाही, तिनं मागं होऊन जायचं कुठं?

एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभर फोटो झळकले. आणि त्याच जिल्ह्यात बोअरच्या पाण्यावर ऊस उभा होता! त्या बोअरपाशी कुणी पोलीस उभा केला नाही. पोलीस होता तो आत्याच्या घागरीपुढं.

म्हणून मला संताप येतो. सरकारला अधिकार नाही असं नाहीच. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 500 मीटरच्या आत नवी विहीर नको, हा नियम 1993 पासूनचा. 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू आहे. टंचाईत उपसा थांबवता येतो, विहीर ताब्यात घेता येते. मग हे सगळं वापरायचं कधी? धरणाचा तळ दिसल्यावर? टंचाई आराखडा, म्हणजे पाणी कमी पडलं तर काय करायचं याची सरकारी योजना. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर ते डिसेंबरचा असतो. पाऊस किती झाला, धरणात किती आलं, हे तेव्हा कलेक्टर ऑफिसात कळलेलं असतं. उपसाबंदी तेव्हा करा ना. पण तेव्हा आडवा येतो तो ऊस. त्यामागं कारखाना, कारखान्यामागं पुढारी. मार्च उजाडला की समोर घागर घेतलेली बाई असते, आणि तिच्यावर कलम लावणं सोपं असतं.

ज्याचा बोअर जातो त्याचंही नुकसान होतं, मान्य. मोबदला वेळेवर मिळत नाही, तोवर बाग वाळते. तो पैसा त्याला त्याच महिन्यात मिळाला पाहिजे. आणि ऊस लावणारा प्रत्येक जण काही बागायतदार पाटील नसतो. दीड-दोन एकरवाला दुसऱ्या कुठल्या पिकाला खात्रीचा भाव नाही म्हणून ऊस लावतो. त्याच्यावर माझा राग नाही.

पण "आमचा बोअर" म्हणून पुण्यात बसून अंगठे देणाऱ्यांवर आहे. तुमच्या दोनशे फुटांखाली जे पाणी आहे ते तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबत नाही. शेजाऱ्यानं चारशे फूट पाडला की तुमचा आटतो, मग तुम्हीच अर्ज घेऊन महापालिकेत पळता.

आत्या त्या दिवशी रिकाम्या घागरीनं परत आली. संध्याकाळी शेजारच्या मुस्लिम कुटुंबानं आपल्या बोअरची नळी भिंतीवरून आमच्या अंगणात टाकली. अख्ख्या गल्लीनं भरलं. त्यांना कुठला आदेश आला नव्हता. सगळेच असे असते तर कायदा लागलाच नसता, पण सगळे तसे नाहीत, हे आज ग्रुपवर बघितलंच.

मराठवाड्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, येत्या ऑक्टोबरात तुमच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: टंचाई आराखड्यात उपसाबंदी कुठल्या विहिरींवर आहे? यादी वाचून दाखवायला लावा. नावं ऐका.