शनिवारचा उपास आणि चार फुटबॉल

आमच्यासारख्यांना ऑस्ट्रेलियाचा व्हिसा गुणांवर मिळतो. वयाचे इतके, इंग्रजीचे इतके, डिग्रीचे इतके. मराठी येतं हे मी रीतसर परीक्षा देऊन सिद्ध केलं, त्याचे ५. किमान ६५ भरल्याशिवाय तुमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि भरल्यावरही बघतीलच असं नाही. त्या सगळ्या काळात या देशाला आपण हवे आहोत असं मला कधी वाटलं नाही. पुढे पोरं शाळेत जायला लागली आणि कळलं, की आमच्यासाठी इथे मारामाऱ्या चालल्या आहेत.

मारामाऱ्या फुटबॉलवाल्यांच्या. सिडनीत चार प्रकारचा फुटबॉल खेळतात, आणि आपला तोच खरा, बाकीच्यांचा टाइमपास, यावर चौघांचंही एकमत आहे. रग्बी लीग हा आमच्या भागातला गाववाला: तेरा जण, लांबट चेंडू, समोरून धडक. रग्बी युनियन त्याचा सख्खा भाऊ, पंधरा जणांचा, महागड्या खासगी शाळांत वाढलेला. खेळापायी बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यायचे की नाही, यावरून १८९५ मध्ये इंग्लंडात दोघांची वाटणी झाली आणि १९०८ पासून सिडनीतही लीगने वेगळी चूल मांडली. मराठी माणसाला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे एवढा भाग माझ्या लगेच लक्षात आला. तिसरा गोल चेंडूचा, आपल्या ओळखीचा सॉकर. चौथा ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे एएफएल, मूळचा मेलबर्नचा. त्याचे नियम १८५९ मध्ये लिहिले गेले, आणि क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात सुस्तावू नये हाही त्यामागचा एक हेतू होता.

या चौथ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू मारला तर ६ गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तर १. चुकल्याबद्दल गुण देणारा खेळ पाहून मला गहिवरूनच आलं. व्हिसा खात्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आम्ही राहतो वेंटवर्थव्हिलला, सिडनीच्या पश्चिमेला. इथे भारतातले, लेबनॉनमधले, फिलिपीन्समधले, टोंगा-सामोआतले लोक शेजारी-शेजारी राहतात, आणि आमच्यासारख्यांची गंमत अशी, की आमच्या आजोबांनी कुठल्याच टीमसाठी रडून ठेवलेलं नाही. पाटी कोरी. म्हणून सगळ्यांचा डोळा आमच्या पोरांवर. लीगचे चार संघ आसपासच ठाण मांडून आहेत. त्यातल्या पेनरिथ पॅन्थर्सने २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं ट्रॉफी नेली. आमच्या अगदी जवळचे पॅरामाटा ईल्स मात्र १९८६ नंतर जिंकलेले नाहीत, त्यामुळे आमच्या रस्त्यावरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या चेहऱ्यावर एक कायमची सोशीकता आहे.

अशा ठिकाणी २०१२ साली दोन नवे संघ एकदमच उतरले. एएफएलने नारिंगी रंगाचे जायंट्स आणले आणि लोकांनी बघायला यावं म्हणून इझ्राएल फोलाऊ या लीगच्या ताऱ्याला भरपूर पैसे मोजून फोडला. खेळ सर्वस्वी वेगळा. गडी १३ सामने खेळला, २ गोल केले आणि वर्षअखेरीस सरळ युनियनमध्ये निघून गेला. मला या माणसाबद्दल अतोनात जिव्हाळा आहे. त्याच्यासारख्यालाही हा खेळ जमला नाही, तर चाळिशी उलटलेल्या माझ्याकडून लोकांची अपेक्षा काय? सॉकरवाल्यांनी त्याच वर्षी लाल-काळ्या पट्ट्यांचे वेस्टर्न सिडनी वाँडरर्स काढले, आणि ते २०१४ मध्ये थेट आशियाचे चॅम्पियन झाले. मधल्या काळात, २०१३ मध्ये, जायंट्सचे कोच केव्हिन शीडी वैतागून म्हणून गेले, की वाँडरर्सना प्रेक्षक इमिग्रेशन खातंच भरती करून देतं. त्यावर बरीच टीका झाली. मला मात्र राग आला नाही. आपल्याला नेमकं कशासाठी आत घेतलं असावं याचा निदान एक खुलासा तरी झाला.

गाठायचं असेल तर लहानपणीच, हे चौघांनीही ओळखलेलं आहे. शाळेत त्यांचे डेव्हलपमेंट ऑफिसर येतात. विम्यातही याच नावाचे लोक असतात आणि कामही तेच करतात: पोर अजून बोबडं बोलतंय तोवर आयुष्यभराची पॉलिसी उतरवून घ्यायची. एका टर्मला सॉकरवाला येतो, पुढच्या टर्मला लीगवाला. धाकटी एके दिवशी गालावर नारिंगी स्टिकर आणि हातात पत्रक घेऊन घरी आली. पाच वर्षांच्या पोरांसाठी एएफएलचा ऑस्किक नावाचा कार्यक्रम असतो. नाव नोंदवलं की सॅक मिळते, सॅकमध्ये चेंडू. मुलींचीही एएफएल २०१७ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे ‘हा मुलांचा खेळ आहे’ ही माझी ढाल तिने पहिल्याच वाक्यात मोडली. थोरला आधीच शेजाऱ्यांच्या जाळ्यात सापडला होता. शेजारी लेबनीज, लीगमधल्या बुलडॉग्ज संघाचे पिढीजात भक्त. ते आमच्याकडे बकलावा पाठवतात आणि पाठोपाठ निळी-पांढरी टोपी. आम्ही उलट चकली पाठवतो, पण चकलीबरोबर पाठवायला आमच्याकडे संघ नाही.

तर थोरला लीगला, धाकटी एएफएलला. शिवाय थोरल्याने सॉकर सोडायला नकार दिला, कारण त्याचे सगळे मित्र तिथे आहेत. युनियनवाले आमच्याकडे फारसे फिरकले नाहीत. त्यांनी बहुधा शाळेची फी आणि आमची गाडी पाहिली असावी.

चौघांचा खरा वैरी निराळाच आहे: सिलेक्टिव्ह, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन पोरं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या परीक्षेचा क्लास. तो शनिवारी सकाळीच असतो. तिथे ना सॅक मिळते ना स्टिकर, उलट आपणच फी भरायची, आणि तरीही बाहेर भारतीय आई-बापांच्या गाड्यांची रांग. क्लास, सॉकर, लीग आणि ऑस्किक एका शनिवारात बसवायला बायकोने एक्सेल शीट केली आहे. त्यात माझा रंग राखाडी. माझ्या नावापुढे खेळ नाही, नुसतं ‘ड्युटी’.

इथल्या बापांना हे ठाऊक असतं, नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. पोराचं नाव नोंदवताना फॉर्मच्या तळाशी एक चौकोन असतो. त्यात टिक केलीत की तुम्ही स्वयंसेवक. न केलीत तरीही. सगळे खेळ एकमेकांच्या जिवावर उठलेले असले, तरी बापाला राबवण्याची पद्धत चौघांची एकच आहे. जाळी बांधा, खांबांना पॅडिंग गुंडाळा, संत्र्याच्या फोडी करा, कँटीनमध्ये उभे राहा. माझ्या वाट्याला बार्बेक्यू आला.

माझा शनिवारचा उपास असतो. मारुतीचा, शाळेपासूनचा. एरवीही मी शाकाहारी. तर हिवाळ्यातल्या सकाळी सातला, तोंडातून वाफा निघत असताना, मी एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात ब्रेड घेऊन सॉसेज परतत उभा असतो आणि मनात ‘भीमरूपी’ चालू असतं. बाजूला कांद्याचा ढीग. लोक येऊन विचारतात, ‘मेट, हे शिजलंय ना नीट?’ मी कशाच्या आधारावर सांगणार? वास बघून सांगतो. माझा अंदाज चांगला आहे अशी ख्याती झाली आणि मला कायमच नेमून टाकलं. आता पोरांपेक्षा माझी निवड आधी होते.

तिथून पळत धाकटीच्या मैदानावर. एकदा मोठ्या मुलींच्या सामन्याला गोल अंपायर आला नव्हता. कुणीतरी माझ्या अंगावर पांढरा लांब कोट चढवला आणि हातात दोन झेंडे दिले. काम सोपं आहे म्हणाले. गोल झाला तर दोन्ही तर्जन्या पुढे करायच्या आणि दोन्ही झेंडे हलवायचे. चुकला तर एक बोट, एक झेंडा. हे सगळं निर्विकार चेहऱ्याने. मी चारचौघांत हसू न दाबू शकणारा माणूस; सत्यनारायणाच्या पूजेतही मला मागे बसवतात. त्यात माझ्या दोन्ही बाजूंना दोन्ही संघांचे पालक उभे. चेंडू खांबाला लागून गेला की सहा गुणांचा एक होतो, आणि लागला की नाही हे फक्त खांबाला आणि मला माहीत. डावीकडून ओरडा, उजवीकडून ओरडा. मी एक झेंडा हलवला आणि दूरवरच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिलो. तिथे असाच एक पांढऱ्या कोटातला बाप उलट झेंडा हलवून मला उत्तर देत होता. त्याचं नावही मला माहीत नाही, पण या देशात इतकं समजून घेणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. बायकोने माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याचा मिनिटभरात मेसेज: ‘शेवटी झालास ना रे डॉक्टर!’

मग बाबा आले. वाळवा तालुक्यातले निवृत्त शिक्षक, तरुणपणी कबड्डीचे नावाजलेले खेळाडू. मी त्यांना आधी धाकटीचं मैदान दाखवलं. लंबगोल मैदान पाहून ते थेट मधोमध गेले, झाकून ठेवलेली क्रिकेटची पिच पायाने चाचपली आणि समाधानाने म्हणाले, ‘पिच हाय की. मग हे नुसतं पळत्यात कशाला?’

लीगचा सामना मात्र त्यांनी उभं राहून पाहिला. सहा वेळा पकडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा, हा नियम मी सांगायच्या आधीच त्यांनी ताडला. ‘अरे, ही तर कबड्डीच! श्वास घ्यायची सवलत दिलीय एवढंच.’ चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो, यावर त्यांचा आक्षेप होता, पण तो त्यांनी तत्त्वतः राखून ठेवला. थोरला पकडायला गेला आणि समोरच्याने त्याला झटकून टाकलं, तेव्हा बाबा सीमारेषेवरून गरजले, ‘कंबर नको, पाय धर! पाय!’

कोच टोंगन वंशाचा, दाराएवढा माणूस. त्याने मला विचारलं, हे काय सांगतायत? मी सांगितलं. त्याने मान डोलावली, आणि उत्तरार्धात तोच ओरडू लागला, ‘पाय दार! पाय दार!’ महिन्याभरात अख्खी टीम तेच ओरडत होती. समोरच्या संघाला हा गुप्त संकेत वाटायचा. बाबांना क्लबची टोपी मिळाली. मला अजून मिळालेली नाही.

सप्टेंबरात लीग आणि एएफएलच्या फायनल्स येतात आणि त्याच सुमारास गणपती. मराठी मंडळात यंदा पोरांचं ‘बकासुरवध’ बसवायचं ठरलं आणि दिग्दर्शिकाबाईंनी तालीम शनिवारी ठेवली. पहिल्या तालमीला कुंती आणि एक बैल आला. युधिष्ठिर सॉकरला, नकुल-सहदेव ऑस्किकला, गाडाभर भात क्लासला. बाईंनी तालमी शुक्रवारी रात्री नेल्या, तर शुक्रवारी रात्री लीगची मॅच टीव्हीवर असते, म्हणून बाप आणायला तयार नाहीत. प्रयोगाच्या आठवड्यात बकासुर लीगमध्ये मनगट मुरगळून आला. हात गळ्यात. बाईंनी त्यावर काळं कापड गुंडाळलं आणि भीमाला, म्हणजे आमच्या थोरल्याला, बजावलं, ‘हळू हं राजा. नुसतं धरल्यासारखं कर, तो आपोआप पडेल.’

थोरल्याने मान डोलावली. प्रयोग रंगला. बकासुराने सगळा भात खाल्ला, डरकाळी फोडली, एक चांगला हात उगारून भीमावर धावला. थोरला धरल्यासारखं करायला पुढे झाला खरा, पण पहिल्या रांगेत क्लबची टोपी घालून बाबा बसले होते.

‘कंबर नको!’ सभागृह दणाणलं. ‘पाय धर!’