पणजोबांच्या रकान्यातलं एक नाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

जॉन वॉशिंग्टन, म्हणजे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचा पणजोबा, त्याच्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि न पटलेलं सगळं मोकळेपणानं लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. तुम्ही स्वतः घराण्याचा कुलवृत्तांत तयार करताय, त्यामुळे तुमच्या शब्दाला वजन आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. जॉनच्या पणतवाची, म्हणजे जॉर्जची जन्मतारीख मी २२ फेब्रुवारी १७३२ दिली. तुम्ही म्हणता, वॉशिंग्टनांच्या घरच्या बायबलात ११ फेब्रुवारी आहे. बरोबर आहे. त्या पानावर ११ फेब्रुवारी १७३१/३२, सकाळी दहाच्या सुमारास जन्म आणि ५ एप्रिलला बाप्तिस्मा अशी नोंद आहे. पण दिवस एकच. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना होती आणि वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. नवी कालगणना आली तेव्हा अकरा दिवस गाळले गेले. शकाचं सन करताना ७८ मिळवायचे की ७९ यावर आपण अडखळतो ना, तसाच हा प्रकार. लेखात मी हे सांगायला हवं होतं. चूक माझी. आजच टीप जोडली आहे.

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंत, ‘कुलवृत्तांतात पाच इंडियन (अमेरिकेतल्या मूळ जमातीच्या) सरदारांची हत्या कशाला? त्या काळच्या माणसाला आजच्या मापानं मोजू नये.’

काका, ते माप आजचं नाही, त्याच काळातलं आहे. सप्टेंबर १६७५ मध्ये कर्नल जॉन वॉशिंग्टन आणि मेजर आयझॅक ॲलर्टन व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीची मिलिशिया, म्हणजे नागरी फौज, घेऊन शेजारच्या मेरीलँड वसाहतीत पिस्कॅटवे खाडीजवळ, सस्क्वेहॅनॉक या मूळ जमातीच्या गढीपाशी पोचले. मेरीलँडची फौज मेजर थॉमस ट्रुमनच्या हाताखाली होती. बोलणी करायला पाच सरदार गढीबाहेर आले. मेरीलँडच्या शासनानं पूर्वी मैत्रीची खूण म्हणून दिलेलं चांदीचं पदक त्यांनी काढून दाखवलं. तरी त्यांना मारण्यात आलं. यावर व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली काय म्हणाला? या लोकांनी माझे आजी-आजोबा, आई-वडील आणि सगळे मित्र मारले असते, तरी ते तहाला आले होते, तर त्यांना सुखरूप परत जाऊ द्यायला हवं होतं. हे बोलणारा माणूस त्याच वर्षातला, त्याच मातीतला आणि स्वतः बडा जमीनदार होता. मेरीलँडच्या विधिमंडळानं ट्रुमनवर खटलाही चालवला.

एक गोष्ट मात्र मान्य करते. ‘जॉननं सरदारांना मारलं’ हे माझं वाक्य घाईचं होतं. मेरीलँडचे साक्षीदार व्हर्जिनियावाल्यांकडे बोट दाखवत होते आणि व्हर्जिनियावाले ट्रुमनकडे. आता तिथं ‘जॉन ज्या मोहिमेचा एक सेनानी होता, तिच्यात मारले गेले’ असं केलं आहे. प्रसंग काढलेला नाही. गढीतले लोक एका रात्री निसटले आणि १६७६ उजाडताच सीमेवरच्या वस्त्यांवर सुडाचे छापे सुरू झाले. त्यातूनच व्हर्जिनियात गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बेकनचं बंड पेटलं आणि त्यात राजधानी जेम्सटाउन जळालं. वसाहतीचा इतिहास ज्यानं बदलला, तो दिवस कर्नलच्या चरित्रातून कसा वगळू?

वगळला तर आणखी एक धागा तुटतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. सस्क्वेहॅनॉकांनी जॉनला ‘कोनोटोकेरियस’ म्हटलं, म्हणजे गावं गिळणारा. १७५३ मध्ये एकवीस वर्षांचा जॉर्ज ओहायोच्या खोऱ्यात गेला, तेव्हा सेनेका या दुसऱ्या मूळ जमातीच्या तानाघ्रिसन या पुढाऱ्यानं पणजोबांचं हेच नाव त्याला दिलं. जॉर्जनं ते आनंदानं मिरवलं. १७५५ च्या एका पत्रात त्यानं स्वतःसाठी तेच नाव वापरलं. पुढे १७७९ मध्ये त्याच्याच हुकुमानं सहा राष्ट्रांची, म्हणजे सेनेकांसह सहा मूळ जमातींच्या संघाची, गावं जाळली गेली. १७९० मध्ये सेनेका प्रमुख कॉर्नप्लँटर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला तोंडावर म्हणाला की आम्ही तुम्हाला गावं उद्ध्वस्त करणारा म्हणतो, आणि आजही ते नाव ऐकलं की आमच्या बायका मागं वळून पाहतात, पांढऱ्याफटक पडतात, मुलं आईच्या गळ्याला बिलगतात.

चार पिढ्यांचं हे नाव वॉशिंग्टनांच्या कपाटात नव्हतं. ते दुसऱ्यांच्या तोंडी टिकलं होतं. स्वतः जॉर्जनं तर १७९२ मध्ये आयझॅक हर्ड या इंग्लंडच्या वंशावळ-अधिकाऱ्याला कळवलं की या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही. हर्डनं मूळ पुरुष शोधताना भलत्याच जॉनला पकडलं, तो इंग्लंडातच राहिलेला एक ‘सर’ निघाला. खरा जॉन इंग्लंडमधल्या पर्ली गावच्या पाद्र्याचा मुलगा. त्या पाद्र्याला दारूगुत्त्यात बसतो असा ठपका ठेवून १६४३ मध्ये काढून टाकलं होतं. जुनी मृत्युपत्रं चाळणाऱ्या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात हा घोळ सोडवला.

मृत्युपत्रांवरूनच तुमच्या तिसऱ्या आक्षेपाकडे येते. ‘गुलामांची नावं आणि आकडे कुलवृत्तांतात काय कामाचे?’

आपण पिढ्या जोडतो त्या कशावरून? मृत्युपत्रं, खरेदीखतं, जमिनीचे पट्टे. १६७४ मध्ये जॉन आणि निकोलस स्पेन्सर यांना लिटल हंटिंग क्रीकची ५,००० एकर जमीन मिळाली. १६९० मध्ये तिची वाटणी झाली. वॉशिंग्टनांचा वाटा जॉर्जची आत्या मिल्ड्रेड हिच्याकडे गेला आणि १७२६ मध्ये जॉर्जचे वडील ऑगस्टीन यांनी तो बहिणीकडून १८० पौंडांना विकत घेतला. हीच पुढची माउंट व्हर्नन. इथवर तुमची हरकत नाही. १७४३ मध्ये ऑगस्टीन वारले, तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला फेरी फार्म आलं आणि सोबत दहा गुलाम माणसं. ज्या वारशानं मी बाप-लेक जोडले, त्यातली शेती घ्यायची आणि माणसं सोडायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

आणि त्या माणसांनाही कुळं होती. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानं मूल आईच्या दर्जाचं ठरवलं. आई गुलाम तर लेकरू गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे एकाच आवारात मालकांची वंशावळ बापाकडून चालायची आणि राबणाऱ्यांची आईकडून. त्यातही बापाचं नाव बहुतेकदा लिहिलंच जायचं नाही. हे वाचल्यावर मला आमच्या घरची चौकटीतली वंशावळ आठवली. तिच्यात माझ्या पणजीच्या जागी नुसतं ‘भार्या’ आहे. तिचं नाव शोधायला मला दोन वर्षं लागली.

जॉर्जनं १७९९ मध्ये, मरणाच्या वर्षी, स्वतः एक यादी केली. माउंट व्हर्ननच्या पाच शेतांवरचे ३१७ गुलाम, नाव, काम, बायको किंवा नवरा कुठल्या शेतावर, अशी. त्यातले १२३ त्याचे स्वतःचे, १५३ त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या, कस्टिसच्या इस्टेटीतले आणि बाकीचे भाड्यानं आणलेले. स्वतःच्या माणसांना त्यानं मृत्युपत्रात मुक्त केलं, हे त्याच्या बाजूनं मी लेखात लिहिलं आहे, तुम्ही ते पाहिलंत की नाही कोण जाणे. विल्यम ली या त्याच्या जुन्या सेवकाला तर लगेच मुक्ती आणि वर्षाला तीस डॉलर. बाकीच्यांना मार्थानं १ जानेवारी १८०१ ला सोडलं. पण कस्टिसची माणसं सोडण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. १८०२ मध्ये मार्था गेली आणि ती माणसं तिच्या नातवंडांत वाटली गेली. दोन्हीकडच्यांची आपसांत लग्नं झालेली होती. नवरा मोकळा, बायको वाटणीत. ती यादी समोर ठेवून वाचली की कुठलं घर कुठे फुटलं ते दिसतं.

‘मराठी वाचकाला याचं काय’ असंही तुम्ही विचारलंत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. या प्रश्नाशी आपलं नातं तेव्हापासूनचं आहे.

तुमच्या कुलवृत्तांतात इनामाचा कागद आहे, असं तुम्ही लिहिलंत. त्या जमिनीवर कोण राबत होतं, याची एखादी नोंद त्यात सापडली तर मला नक्की कळवा. मोडी वाचायला मदत लागली तर मी आहे.