सहा जण का उठले?

काल रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शिवजयंतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. सात पोरं, सात थर्माकोलच्या तलवारी आणि स्पीकरवर 'वेडात मराठे वीर दौडले सात'. शेवटच्या ठेक्याला सातही जण तलवारी उंचावून छाती काढून उभे राहतात आणि आयांच्या टाळ्या पडतात. त्या सातांत माझा भाचा आहे. घामाघूम होऊन पाणी प्यायला आला आणि विचारतो, "मामा, हे जिंकले ना?"

"मेले. सातच्या सात."

"मग आम्ही शेवटी तलवारी वर कशाला करतो?"

मला उत्तर देता आलं नाही. खाली येऊन कुसुमाग्रजांची कविता पुन्हा काढून वाचली, एकदा नाही, चार वेळा. त्यातून ही पोस्ट. लांब आहे, लोकलमध्ये वाचा.

आधी इतिहास, थोडक्यात. १६७३ मध्ये उमराणीला शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडीत धरलं आणि तो शरण आल्यावर जाऊ दिलं. महाराज संतापले. खान पुन्हा उलटून आलाच. त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा निरोप प्रतापरावांना गेला. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीजवळ, म्हणजे आजच्या गडहिंग्लज तालुक्यात, ते सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सगळे मारले गेले. राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आला होता. या घटनेचा एक धागा आपल्या मुंबईलाही लागतो. इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी याने रायगडाकडची खबर इथे मुंबईकर इंग्रजांना लिहून कळवली, तीत हे आहे: दोन डोंगरांमधली अरुंद वाट, बरोबर सहा घोडेस्वार, बाकीच्या फौजेची मदत नाही. कोरडी बातमी. वखारीच्या कामाच्या पत्रात येते तशी.

आता कविता. मंडपातल्या डीजेने ती इतकी वाजवली आहे की शब्द ऐकूच येत नाहीत, ठेका तेवढा ऐकू येतो. (हृदयनाथांच्या चालीचा यात दोष नाही. घोडे तिथे दौडलेच पाहिजेत.) पण कागदावर वाचलीत तर पहिल्यांदा खटकतं ते हे की कवितेत प्रतापरावांचं नाव नाही. महाराजांचं नाव नाही, नुसतं 'प्रभू' आहे. नेसरी नाही, बहलोलखान नाही. 'स्वराज्य' हा शब्दही नाही. आणि अख्ख्या कवितेत एकही गनीम मरत नाही! उल्का दर्यात कोसळतात, पक्षी वणव्यात जळतात, सात जीव गर्दीत लोपतात. जे काही संपतं ते आपल्याच बाजूचं.

सुरुवात होते ती एका टोमण्याने. 'श्रुती धन्य जाहल्या', म्हणजे तुमची वार्ता ऐकून कान धन्य झाले हो आमचे. महाराजांचं खरमरीत पत्र. आणि इथे कवीने इतिहास सरळ सरळ वाकवला आहे. प्रतापरावांवर ठपका होता शत्रूला सोडल्याचा, पळाल्याचा नव्हे. कवितेतल्या पत्रात मात्र सैन्य रण सोडून पळालं आहे. पूर्वी मला ही कवीची चूक वाटायची, आता वाटत नाही. शरण आलेल्याला सोडणं यात वाद घालायला जागा आहे, दया म्हणा, मुत्सद्दीपणा म्हणा. पळालास असं म्हटलं की बोलणंच खुंटलं. कवीला तो माणूस असा भिंतीला टेकलेला हवा होता.

मग त्याचं काय होतं? भुवई चढते, दातांखाली ओठ जातो, छातीवरची पटबंधाची गाठ तटकन तुटते. इथपर्यंत शाहिरी थाट आहे, पुतळा उभा करतात तसा. आणि तेवढ्यात येतं 'ओलवे काठ'. डोळ्यांचे काठ. सरनौबताच्या डोळ्यांत पाणी!

पुढे तो महाराजांना मनातल्या मनात जबाब देतो, आणि मग येतात माझ्या मते या कवितेतल्या सगळ्यात मोलाच्या दोन ओळी. ते किंचित ओले डोळे बाजूला फिरतात आणि सहा सरदार शेले सावरून उठतात. बस्स. आज्ञा नाही, कर्णा नाही, 'चला गड्यांनो' नाही, कसली घोषणासुद्धा नाही. पत्र त्या सहांना आलेलंच नव्हतं, अपमान त्यांचा झालेला नव्हता. ते उठले कारण त्यांनी ते डोळे पाहिले, आणि ते पाणी लपवायला मान वळलेली पाहिली.

आमच्या घरात मी हे एकदा ऐकलं आहे.

१९८२ चा गिरणी संप. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. संपावर त्यांचा विश्वास नव्हता. आणाभाका नाहीत, युनियनची पावती नाही, संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या सभेला गेलेले मला आठवत नाहीत. १८ जानेवारीला संप सुरू झाला. बाबा नेहमीसारखे पहिल्या पाळीला निघाले, डबा घेऊन. दहा मिनिटांत परत. आईने डबा उघडून भाजी पातेल्यात ओतली, अजून वाफ येत होती, ते मला लख्ख आठवतं. पुढे कधीतरी, गिरणी सुटल्याला खूप वर्षं झाल्यावर, मी विचारलं, "तुम्हाला पटला नव्हता ना संप? मग गेला का नाहीत?" म्हणाले, "संप फसणार हे मला त्या दिवशीच कळत होतं." मग बराच वेळ गप्प. "जिन्यात आमचे गाववाले उभे होते. पंचवीस वर्षं शेजारच्या साच्यावर. काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं."

इतकंच. वीर वगैरे ते स्वतःला कधीच समजले नाहीत. त्या एका सकाळीपायी पुढे काय काय गेलं त्याचा हिशोब आई मात्र शेवटपर्यंत ऐकवायची, आणि तिचा हिशोब चुकीचा नव्हता.

दरवर्षी फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर एक वाद ठरलेला असतो. एक गट म्हणतो, सेनापतीने फौज मागे टाकून सहा जणांनिशी धावणं ही लष्करी चूक. दुसरा गट पहिल्याची अक्कल आणि मग जात काढतो. दोघांनीही कविता वाचलेली नसते. 'आश्चर्यमुग्ध टाकून मागुती सेना' हे कुसुमाग्रजांनीच लिहून ठेवलंय की! फौज तिथेच उभी आहे, तोंडाचा आ वासून. आणि पहिल्याच शब्दाला त्यांनी म्हटलंय 'वेडात'. शौर्यात नाही, त्वेषात नाही. मराठीत आई पोराला 'वेडा रे वेडा' म्हणते तेव्हा त्यात राग किती आणि माया किती हे जसं वेगळं काढता येत नाही, तसा तो शब्द आहे. त्याला चूक म्हणणाराही तो शब्द अर्धा कापतो आणि त्याचा झेंडा करणाराही अर्धा कापतो.

आता कोणी म्हणेल, ही कविता ज्या 'विशाखा'त आहे त्याच संग्रहात क्रांतीचा जयजयकारही आहे. खरंय. 'विशाखा' आला १९४२ मध्ये, म्हणजे गवालिया टँकवर 'चले जाव' घुमलं त्या साली. तेव्हाच्या वाचकाने ही कविता वाचून मुठी आवळल्या असतील, आणि का आवळू नयेत? गुलाम देशात हरलेल्या लढाईची कविताही लढायला बोलावते. पण त्या वाचकाच्या हातात पुस्तक होतं. शेवटच्या कडव्यापर्यंत तो पोचत होता. तिथे टाचांच्या खुणा आहेत, ओढ्यात रक्ताचा रंग आहे, आणि वाऱ्यावर कुणीतरी गातंय. काय गातंय? पोवाडा नाही. 'विराणी'. विराणी म्हणजे विरहाचं गाणं, मागे राहिलेल्या माणसाचं. युद्धावरच्या कवितेचा शेवट कुसुमाग्रज त्या शब्दावर करतात आणि आपण तिथे तलवारी वर करतो.

हे सगळं भाच्याला सांगितलं नाही, आठवीत आहे तो. एवढंच म्हटलं की शेवटी उभं राहू नका, पडा. आज संध्याकाळी पुन्हा तालीम झाली. नाच बसवणाऱ्या ताई आधी नाराज होत्या, "लोक टाळ्या कधी वाजवणार मग?" पण पोरांना कल्पना भलतीच आवडली. आता भांडण वेगळंच आहे. सगळ्यात आधी कोणी पडायचं यावर अर्धा तास गेला, एकाने नवीन झब्बा आहे म्हणून पडायला साफ नकार दिलाय, आणि माझा भाचा पडल्यावर दर वेळी एक डोळा किलकिला करून बघतो, बाकीचे पडले का ते.