मीटर जास्त दाखवतं ते ‘राहू द्या’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

मोटारसायकलचं स्पीडोमीटर कसं तपासावं आणि चुकत असेल तर काय करावं, यावर मी लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया सकाळीच वाचली. उत्तर संध्याकाळी लिहितोय, कारण सकाळी लिहिलं असतं तर भाषा वेगळी झाली असती.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कंपन्या मीटर मुद्दाम जास्त दाखवणारं बनवतात, ते आपल्याच सुरक्षेसाठी असतं, तेव्हा ते तसंच राहू द्यावं. फोनच्या जीपीएसवर विश्वास ठेवणं मूर्खपणाचं आहे. चालत्या गाडीवर फोन बघायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. मीटर उघडायला लावून मी लोकांची वॉरंटी घालवतोय. आणि शेवटी: “घरबसल्या मेकॅनिक झालेल्या काकांनी इंजिनिअर लोकांना शिकवायला जाऊ नये.”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. मतभेदाचं मला वावडं नाही. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही, त्याने आयुष्यात काय केलंय हे न विचारता त्याला ‘घरबसल्या’ म्हणणं ही कुठली रीत झाली? मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वाढलो. वडील लेथवर होते, शाळा सुटली की माझं दप्तर दुकानाच्या कोपऱ्यात असायचं. जुन्या गाड्यांची मीटरं दुरुस्त करणारे कारागीर आमच्याकडे यायचे ते लेथसाठी. चाकाचं फिरणं मीटरपर्यंत नेणाऱ्या केबलच्या आतल्या तारेचा तुकडा लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा, दुसरं टोक मीटरला जोडायचं आणि लेथ ठरावीक फेऱ्यांवर चालवायचं. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात आकडा असतो. समजा १६०० असेल, तर मैलाला केबलचे १६०० फेरे. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर काट्याने ३० मैल दाखवायला हवेत. ३५ दाखवले तर दोष मीटरच्या डोक्यात आहे, हे गाडीला हात न लावता कळतं. हे मी व्हिडिओ बघून शिकलेलो नाही. मी इंजिनिअर नाही, तसा दावाही कधी केलेला नाही. पण मीटर आतून कसं असतं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि हाताने केलंय. तुम्ही एक तरी मीटर उघडून पाहिलं आहे का? प्रतिक्रियेवरून तरी तसं वाटत नाही.

आता एक गोष्ट मान्य करतो. चालवणाऱ्याने फोनकडे बघत राहणं धोक्याचं आहे, यात वाद नाही. मागे कुणाला तरी बसवा, फोन त्याच्या हातात द्या, आकडा त्याने मोठ्याने सांगावा. एवढं तुमचं बरोबर.

तुमचा मुख्य मुद्दा मात्र मला मुळीच पटत नाही. ‘मीटर जास्त दाखवतं ते सुरक्षेसाठी असतं, राहू द्या.’ हे वाक्य मी गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर आणि चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलेलं आहे. अर्धं खरं असल्यामुळे ते कुणी तपासून बघत नाही.

खरं अर्धं असं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मुभा आहे, पण तिलाही हद्द आहे: मोटारसायकलसाठी खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ८ किलोमीटर. गाडी खरोखर ६० ने चालली असेल तर काटा ७४ पर्यंत गेला तरी नियमात बसतं. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाने स्पीडोमीटर बंधनकारक आहे. कारखान्यातून निघालेली नवी गाडी, कंपनीचाच टायर, बरोबर हवा, अशा स्थितीत मीटर थोडं जास्त दाखवतं आणि ते ठीक आहे. मी मूळ लेखात याच्या विरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्ही तो भाग वाचला असता तर निम्मी प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

उरलेलं अर्धं असं की रस्त्यावरची गाडी कारखान्यातून निघाली तशी राहत नाही. साध्या काट्याच्या मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती चुंबकामागे ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. चुंबक वर्षानुवर्षांनी कमजोर झालं की काटा कमी दाखवायला लागतो. स्प्रिंग थकली की जास्त. कुणी हौसेने केबलला वरच्या टोकापर्यंत ग्रीस चोपडलं की ते मीटरमध्ये चढतं, वाटी चुंबकाला चिकटल्यासारखी फिरते आणि काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन बसतो. म्हणून वरची वीतभर तार कोरडी ठेवायची, हे मी पुन्हा सांगतो.

टायरचं तर विचारूच नका. पुढचा ९०/९०-१९ (९० मिलिमीटर रुंद, १९ इंची रिमचा) काढून १००/९०-१९ घातला तर चाकाचा घेर साधारण २०२५ मिलिमीटरवरून २०८० वर जातो, जवळपास तीन टक्के वाढ. पुढच्या चाकावरून केबल घेणाऱ्या गाडीत मीटर तेवढंच कमी दाखवायला लागतं. उलट टायर झिजून पाच मिलिमीटर नक्षी गेली की दीड टक्का जास्त. मागचा टायर रुंद घातला म्हणून मीटर बिघडलं असं सांगत लोक येतात, पण मीटर पुढच्या चाकावर असेल तर मागच्या टायरचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. ज्या गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या टोकाला असतो, त्यांत मात्र मागचा टायर किंवा स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळीच्या चक्राचे, दात बदलले तर ते थेट आकड्यात दिसतं.

आता सांगा, या सगळ्यात ‘सुरक्षेसाठी जास्त दाखवतं’ हे कुठे उरलं? कोल्हापुरात कुठल्याही बाइकवाल्याला विचारा, तो काट्यातून दहा वजा करूनच चालवतो. मीटर खोटं बोलतं हे सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे त्या जादा आकड्याचा उपयोगच संपला. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला २०१८ पासून ८० ची मर्यादा आहे. माणूस ९० चा काटा बघून ‘आपण ८० ला आहोत’ म्हणतो. पुढे मोठा टायर असेल आणि चुंबक थकलेलं असेल, तर तो प्रत्यक्षात ९५ ला असतो. स्पीडगन त्याच्या काट्याकडे बघत नाही आणि समोरून वळणारा ट्रॅक्टरही बघत नाही. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने जुनी गाडी हौसेने उभी केली, पुढचं चाक दुसऱ्या गाडीचं बसवलं, चाकावरून मीटरची केबल फिरवणारी गरारी मात्र तीच ठेवली. काटा ६० च्या वर जाईना म्हणून तो खूश होता, गाडी किती शांत चालते म्हणून. रस्त्यावर मोजलं तेव्हा ती ७० च्या पुढे होती. तुमचा सल्ला ऐकला असता तर त्यानेही ‘राहू द्या’ म्हटलं असतं. म्हणून मला राग येतो, माझ्या अपमानाचा नाही.

जीपीएसबद्दल एवढंच: सरळ रस्त्यावर, वर आकाश मोकळं असताना, एकच वेग धरून ठेवला तर फोनचा आकडा विश्वासाचा असतो. तो थोडा मागून येतो, म्हणून वेग वाढवता-कमी करताना तो बघू नये. आंबा घाटात झाडीतून वळणं घेत मोजलं तर चुकणारच, त्यात जीपीएसचा दोष नाही. फोन नकोच असेल तर किलोमीटरचे दगड आहेत. साठ सेकंदांत एक किलोमीटर म्हणजे ताशी ६०, पंचेचाळीस सेकंदांत म्हणजे ८०. एका किलोमीटरवर एका सेकंदाची चूक ६० ला पावणेदोन आणि ८० ला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास होते, म्हणून पाच किलोमीटर मोजा. फक्त रुंदीकरण चालू असलेला पट्टा टाळा, तिथले दगड जागेवर असतीलच असं नाही. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तिकडे जाऊ नका.

आणि हे मोजतानाच किलोमीटरचा आकडाही बघा, कारण खरं निदान तिथे होतं. केबलच्या मीटरमध्ये किलोमीटरचे आकडे दातांच्या चक्रांवर फिरतात, त्यांचा चुंबकाशी संबंध नसतो. दगडांशी किलोमीटर जुळले आणि काटा चुकला, तर दोष मीटरच्या डोक्यात: स्प्रिंग, चुंबक किंवा सरकलेला काटा. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकले, तर दोष खाली: टायर किंवा गरारी. हे न बघता मीटर बदलणारे पैसे घालवतात. किलोमीटर जास्त पडत असतील तर तुमचं मायलेजही फुगलेलं असतं, हे वेगळंच.

वॉरंटीचं म्हणाल तर मी जुन्या गाड्यांबद्दल लिहिलं होतं. डिजिटल मीटरसाठी सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसणारं दुरुस्ती-यंत्र मिळतं, स्पीडोहीलर त्यातलं परिचित नाव. पण सिग्नल एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकावरच्या कड्यावरून येत असेल तर त्या तारेला कुणीही हात लावू नये, एबीएसही त्याच सिग्नलवर चालतं. यापुढे त्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

तुमची गाडी कोणती, पुढचा टायर कोणत्या मापाचा आणि पाच किलोमीटरला किती सेकंद लागले, काटा तेव्हा कितीवर होता, एवढं खाली लिहा. आकडे आले की हिशेब करून देतो. आकडे नसतील तर मात्र पुढच्या प्रतिक्रियेला माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.