‘कोणताही वाद मध्यस्थीनं मिटतो’ म्हणे!

गेले काही आठवडे एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर तराजूचं चित्र, खाली सहा मुद्दे, शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. मुद्दे असे: २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानं कोर्टाआधी मध्यस्थी सक्तीची झाली, कोणताही वाद मध्यस्थीनं मिटू शकतो, मध्यस्थ देईल तो निर्णय दोघांनाही बंधनकारक, वकील, स्टॅम्प, नोंदणी काही लागत नाही, तीस दिवसांत निकाल, आणि म्हणून दावा लावायची घाई नको, आधी बसून बोला.

शेवटचं वाक्य ऐकायला किती समंजस! माझ्या चुलत आत्यालाही ते पटलं. तिला हा मेसेज पाठवला तिच्या भाच्यानं. या भाच्याच्या वडिलांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, तिच्या नावानं बनावट हक्कसोडपत्र नोंदवलं असं आत्याचं म्हणणं आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून तिनं दस्ताची नक्कल काढली, तर तिच्या नावासमोर फोटो भलत्याच बाईचा. त्या दस्तावरून सातबाऱ्यावरचं तिचं नाव कमी करायचा फेरफारही पडलाय. आणि भाचा म्हणतो, घाई नको, बसून बोलू. तो का नाही म्हणणार?

तेव्हा ‘कोणताही वाद’ या दोन शब्दांपासूनच सुरुवात करते, कारण सगळी गफलत तिथेच आहे.

कुठला वाद मध्यस्थीला चालतो आणि कुठला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच बऱ्यापैकी स्पष्ट केलंय. ॲफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्की कन्स्ट्रक्शन हे ते प्रकरण. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायालयानं दावा मध्यस्थीसारख्या कोर्टाबाहेरच्या मार्गाकडे कधी पाठवावा, हा त्यातला प्रश्न. न्यायालयानं दोन याद्याच दिल्या. पाठवू नये अशा यादीत फसवणूक, बनावट दस्त, खोट्या सह्या, तोतयेगिरी, जबरदस्ती यांचे गंभीर आणि नेमके आरोप असलेले दावे आहेत. अल्पवयीन मुलं, देवस्थानं, मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्ती यांच्याविरुद्धचे दावे आहेत, कारण त्यांना न्यायालयाचं संरक्षण लागतं. मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याची न्यायालयाची मान्यता, आहे, सार्वजनिक पदांच्या निवडणुकीचे वाद आहेत, फौजदारी खटले आहेत. पाठवावेत अशा यादीत व्यापार-करारांचे वाद, घरमालक-भाडेकरू, बिल्डर-ग्राहक, भागीदार, शेजारी-शेजारी, सोसायटीचे सभासद, पोटगी, मुलांचा ताबा, मोटार अपघाताची भरपाई. आणि हो, कुटुंबातली वाटणीही.

आता आत्याचं प्रकरण या याद्यांवर ठेवून बघा. जमिनीची वाटणी दुसऱ्या यादीत, भलत्याच बाईला उभं करून केलेला दस्त पहिल्या यादीत. एकच घर, एकच जमीन, पण वाद दोन आणि उत्तरंही दोन. बांधाकडचा तुकडा कुणाला, विहिरीचं पाणी कसं वाटायचं, आत्याला जमीन हवी की तिच्या हिश्शाचे पैसे, यावर मध्यस्थासमोर बसून जे साधेल ते कोर्टाच्या निकालात कधीच साधणार नाही. कोर्ट हिस्सा ठरवेल, पाण्याच्या पाळ्या बसवणार नाही. पण तो दस्त खरा की खोटा, यात ‘थोडं तू सोड, थोडं मी सोडतो’ हे कसं चालायचं? अर्धा खोटा दस्त असतो का? तिथे पुरावा घेऊन कुणीतरी ठरवावं लागतं आणि तसं ठरवायचा अधिकार मध्यस्थाला नाही. उद्या भावानं लेखी कबूल केलं की दस्त चुकीचा आहे, तो रद्द करू, तर उरलेली वाटणी खुशाल मध्यस्थीला न्यावी. तोवर मध्यस्थी म्हणजे आत्यानं आपल्याच हिश्शासाठी घासाघीस करत बसणं.

या याद्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, आणि न्यायालयानंही त्या संपूर्ण असल्याचं म्हटलेलं नाही. म्हणून नुसतं ‘आपला वाद कुठल्या यादीत’ एवढं बघून भागत नाही. मला विचाराल तर आधी हे बघावं की दोन्ही बाजूंकडे एकमेकांना देण्यासारखं काही आहे का. ज्यांच्या हक्कांना धक्का लागणार आहे ते सगळे टेबलाशी आहेत का. भावानं मधल्या मधे जमीन तिसऱ्यालाच विकली असेल आणि तो खरेदीदार बैठकीला नसेल, तर बहीण-भावातला समेट काय कामाचा? २०२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही हे आहे: बैठकीत नसलेल्या तिसऱ्याच्या हक्कांवर परिणाम करणारे वाद मध्यस्थीला योग्य नाहीत. अपवाद फक्त वैवाहिक वादांचा, जिथे मुलाच्या हिताचा प्रश्न असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्याला ‘नाही’ म्हणायची ताकद दोघांत आहे का. मेसेजमध्ये ‘नवरा-बायकोची भांडणं तर मध्यस्थीतच मिटवावीत’ असंही एक वाक्य सोडून दिलंय. भांडण पोटगीच्या रकमेचं किंवा मुलाच्या सुट्ट्यांचं असेल तर जरूर. न्यायालयं स्वतःच अशी प्रकरणं मध्यस्थीला पाठवतात. पण घरी मारहाण होत असेल तर ती बाई त्या टेबलाशी मान खाली घालून बसेल आणि पुढे सरकवलेल्या कागदावर सही करेल. चांगला मध्यस्थ दोघांना वेगवेगळं भेटतो, हे मान्य. पण बैठक संपल्यावर ती त्याच घरी जाते. तिला आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश हवा, राहत्या घरातून कुणी बाहेर काढणार नाही याची हमी हवी. बोलणी मग.

आता ती ‘घाई नको’. पूर्ण मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. कारण दावा लावायची मुदत कुणासाठी थांबत नाही. उसने दिलेले पैसे वसूल करायला साधारण तीन वर्षं. दस्त रद्द करून मागायचा तर त्यामागची हकिकत कळल्यापासून तीन वर्षं. घरातल्या बैठका, गावातल्या मोठ्यांची मध्यस्थी, ‘दिवाळीनंतर बघू’, यातलं काहीही मुदत कायद्याच्या हिशेबात धरत नाहीत. व्यावसायिक वादांत कायद्यानं घालून दिलेली दाव्यापूर्वीची मध्यस्थी असेल तर तो काळ मुदतीतून वगळतात. खासगीत चाललेल्या बोलण्यांना ती सवलत नाही. एक पळवाट आहे: मुदत संपायच्या आत समोरच्यानं देणं लेखी आणि सहीनिशी कबूल केलं तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. म्हणून उसनवारीच्या बोलण्यात शिरताना तेवढा कागद आधी घ्यावा. तोंडी ‘देतो रे, पळून चाललोय का’ याला काही अर्थ नाही.

आत्याच्या बाबतीत तर तीन वर्षंही लांबची. फेरफारावर हरकत घ्यायला नोटिशीनंतर पंधरा दिवस मिळतात. ते बसून बोलण्यात गेले असते तर नोंद मंजूर झाली असती, मग प्रांताकडे अपील. शिवाय जमीन विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम फक्त कोर्ट देतं, मध्यस्थ नाही. दावा लावला, मनाई मिळवली, म्हणजे बोलणीची दारं बंद झाली असं थोडंच आहे? उलट जमीन जागेवर राहील एवढी खात्री झाली की माणसं जास्त मोकळेपणानं बोलतात. तिनं हरकतीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय आणि पोच घेतलीय.

बाकीचे मुद्दे भराभर.

सक्ती. अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. २०२१ च्या विधेयकात दाव्यापूर्वीची मध्यस्थी खरोखरच सक्तीची होती. २०२३ च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा विधेयकाच्या वेळची बातमी वाचली आणि पुढचं पाहिलंच नाही. कायद्याची कलमंही एकदम लागू झालेली नाहीत, ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली काहीच लागू झाली. सक्ती आहे ती व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली, तीन लाख आणि त्यावरच्या व्यावसायिक वादांना. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती पक्की केली. तिथेही तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तर थेट दावा लावता येतो. बघा, कायद्यालाही घाई कळते, मेसेजला कळत नाही. आणखी एक: दावा चालू असताना न्यायालय तुमची संमती नसतानाही मध्यस्थीला पाठवू शकतं, हेही ॲफकॉन्समध्येच आहे. पण पाठवणं वेगळं, समेट करायला लावणं वेगळं. जाऊन ‘जमत नाही’ म्हणायला कुणाची ना नाही.

मध्यस्थाचा निर्णय बंधनकारक. साफ खोटं. निवाडा देतो तो लवाद. मध्यस्थ काहीच निर्णय देत नाही. बंधनकारक होतो तो दोघांनी स्वखुशीनं सही केलेला समझोता. यात लोकअदालतीचीही भेसळ झालेली दिसते. तिथेही तडजोड संमतीनंच होते, पण निवाड्यावर अपील नाही, म्हणून सहीआधी दहादा वाचावं.

स्टॅम्प नाही, नोंदणी नाही. चालू दाव्यात, दाव्यातल्याच मिळकतीबद्दल समेट झाला आणि न्यायालयानं त्याप्रमाणे हुकूमनामा केला तर नोंदणीतून सूट मिळते. पण दावाच नाही, घरी बसून साध्या कागदावर ‘अमुक गट तमुकला’ लिहून आपापला हक्क सोडला, तर तो कागद नोंदणीशिवाय आणि मुद्रांकाशिवाय तलाठ्याच्या टेबलावरून परत येईल. आणि वकील नको म्हणाल, तर हा फरक तुम्हाला सांगणार कोण? पैशांची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हे त्या मेसेजमध्ये घातलं असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

तीस दिवस. २०२३ च्या कायद्यात १२० दिवस आणि दोघांची संमती असेल तर आणखी ६०. तेही मध्यस्थी संपवण्यासाठी, ‘निकाला’साठी नव्हे. कोर्टाच्या तारखांपेक्षा हे कमीच, यात वाद नाही. कलम ८९ खाली पाठवलेल्या दाव्यात समेट झाला तर कोर्ट फी परत मिळण्याची सोयही आहे.

मेसेजमध्ये नसलेली, पण आत्यानं फोनवर विचारलेली एक शंका राहिली: तिथे आपण काही बोलून बसलो आणि जमलं नाही, तर ते कोर्टात आपल्यावर उलटेल का? नाही. २०१० च्याच मोती राम विरुद्ध अशोक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की समेट झाला नाही तर मध्यस्थानं न्यायालयाला फक्त तेवढंच कळवायचं. कोण किती रकमेला तयार होतं, कोण काय म्हणालं, यातलं अक्षरही नाही. दावा पुढच्या तारखेपासून होता तसा चालू राहतो.