सही घेतली म्हणजे विचारलं असं होत नाही

"पेशंटला बाहेर बसू द्या, तुम्ही आत या." सांगली-मिरजेच्या कुठल्याही ओपीडीत अर्धा दिवस बसा, हे वाक्य कानावर पडतंच. बाई साठीची, पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या पायानं चालत आलेली. दुखणं तिच्या पोटात. आणि बोलणं चालतं मुलाशी. मुलगा नसेल तर जावयाशी. तोही नसेल तर ज्या पोरानं गावातून गाडीत घालून आणलं त्याच्याशी! ती बाहेर बाकड्यावर, मांडीवर फाईल, आणि फाईलमधलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. आत तिचं ऑपरेशन ठरतं, तारीख ठरते, पैसे ठरतात. तिला कळतं ते "उपाशी पोटी या" एवढंच.

याचा संताप येतो. मिरजेत वानलेस डॉक्टरांचं हॉस्पिटल उभं राहिलं १८९४ साली. सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. "मिरजेला न्या" हे शब्द जत-आटपाडीपासून पलीकडं कर्नाटकातल्या अथणी-रायबागपर्यंत सव्वाशे वर्षं लोकांच्या तोंडी आहेत. एमआरआय आहे, कॅथलॅब आहे, सगळं आहे. समोर बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्याकडं बघून पाच मिनिटं सांगायची रीत तेवढी नाही. कन्नड बोलणाऱ्या पेशंटची तर दुहेरी अडचण. मराठी सूचना अर्धवट कळते, इंग्रजी कागद अजिबात कळत नाही, आणि दुभाषा म्हणून उभा असतो तो वॉर्डबॉय.

सुरुवात ऐकण्यापासूनच बिघडते. अमेरिकेत १९८४ साली ७४ तपासण्या रेकॉर्ड करून बघितल्या, तर पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरनं मध्येच तोडलं होतं. उलट २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये पेशंटना अजिबात न अडवता बोलू दिलं. ते सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. दीड मिनिट! इथं काय होतं? "पोटात दुखतंय" एवढं तोंडातून निघेपर्यंत "कधीपासून, जुलाब, उलटी, ताप" सुरू, आणि पेन सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर. मग खरी गोष्ट निघते पेशंट उठून दारापर्यंत गेल्यावर. "आणि डॉक्टर, चढ चढताना छातीत जरा आवळल्यासारखं होतं." तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो.

विचारण्याची तऱ्हाही तशीच. "तंबाखू खाता का?" बाई म्हणते, नाही. ती खोटं बोलत नाही, ती मिश्री लावते, दिवसातून चार वेळा. तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू खाणं नव्हे. तोंड उघडून हिरड्या बघितल्या किंवा "मिश्री लावता का?" असं सरळ विचारलं तर दोन सेकंदांत कळेल. "दुसरी काही औषधं चालू आहेत?" यालाही उत्तर "नाही" येतं, कारण गुडघ्यासाठी बाजारातून आणलेली बिननावाची पुडी कुणाच्या हिशेबात औषध नसते. त्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड निघतं. ते महिनोन्महिने घेऊन अचानक बंद केलं तर ऑपरेशनच्या टेबलावर बीपी कोसळू शकतं. पुडीबद्दल नाव घेऊन विचारायला किती वेळ लागतो?

आता चिठ्ठी. बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना, गरज पडली तर. ही अक्षरं कुणासाठी लिहिता? औषधं जेनेरिक नावानं, वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, हे डॉक्टरांच्याच आचारसंहितेत २०१६ पासून आहे. पण अक्षर सुधारलं तरी निम्मं काम उरतंच. "नाश्त्यानंतर एक" म्हणजे काय? तासगावच्या द्राक्षबागेत किंवा उसाच्या फडात जाणारा माणूस सकाळी कपभर चहा घेऊन निघतो, पहिली भाकरी दहा-अकराला. त्याला शुगरसाठी ग्लिमेपिराइड दिली आणि त्यानं ती चहाबरोबर घेतली, तर नऊ-साडेनऊला घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधार, आणि बांधावर आडवा. लोक म्हणतात ऊन लागलं. ऊन नाही लागलं, शुगर उतरली. ती गोळी दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. "सकाळी पहिलं जेवण किती वाजता करता?" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. शुगर उतरल्याची लक्षणं काय, लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची, हे तर लांबच राहिलं.

बीपीच्या गोळीचं तसंच. चिठ्ठीवर ३० दिवस लिहिलं, तीस गोळ्या संपल्या, माणसानं कोर्स पुरा झाला म्हणून थांबवलं. तापाच्या गोळीला तेच करायचं असतं, मग इथं का नको? त्याला फरक सांगितला कुणी? आणि सहा महिन्यांनी तोंड वाकडं झालं, हात उचलेना, की सगळे त्याच्यावरच ओरडणार, "गोळ्या का सोडल्या?"

इन्सुलिनचा घोळ तर जीवघेणा. आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीला ४० युनिटचं, पेनमधलं १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. शंभरवालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं त्याच खुणेपर्यंत ओढलं तर डोस अडीच पट जातो. चाळीसवालं केशरी सिरिंजनं ओढलं तर निम्म्याहूनही कमी, मग शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसायचं. बाटली आणि सिरिंज हातात देऊन, समोर एकदा ओढायला लावून बघणं ही एका मिनिटाची गोष्ट. ती सोडून दिली जाते मेडिकल दुकानातल्या पोरावर. दम्याच्या रोटाकॅपमधली पूड यंत्रातून श्वासानं ओढायची असते; ती तोंडानं गिळणारे पेशंट आहेत, कारण कॅप्सूल म्हणजे गिळायची एवढंच त्यांना माहीत असतं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर तोंडात फोड, पांढऱ्या पेशी खाली, माणूस दगावतोसुद्धा. चिठ्ठीवर "फक्त रविवारी" असे दोन शब्द मराठीत लिहायला काय जातं?

यावर उपाय जुना आणि फुकटचा आहे. सांगून झालं की पेशंटलाच परत सांगायला लावायचं. "कळलं का?" असं विचारायचं नाही. त्याला सगळे मान डोलावतात, न कळलेलेही. "मावशी, घरी गेल्यावर सूनबाईला या गोळ्या कशा म्हणून सांगाल?" असं विचारायचं. मावशी चुकल्या तर सांगण्यात खोट होती, पुन्हा सांगायचं. बस्स.

पण डोकं खरं फिरतं ते संमतीपत्रापाशी. ॲडमिशनच्या काउंटरवर कागदांचा गठ्ठा सरकवतात, "इथं, इथं आणि इथं सही." ऑपरेशनचं नाव कोरं, डॉक्टरचं नाव कोरं, धोक्यांचा रकाना छापील इंग्रजीत. अंगठा उठवून घेतात. मग म्हणतात, संमती आहे की! नाही. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००८ साली स्पष्ट सांगितलंय. ४४ वर्षांच्या बाईंना तपासणीसाठी भूल दिलेली, त्या बेशुद्ध असताना बाहेर आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. कोर्ट म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. एका ऑपरेशनच्या संमतीवर दुसरं करता येत नाही, जीव वाचवायची तातडी असेल तेवढाच अपवाद. आणि पेशंट सज्ञान असेल, थांबण्यासारखं असेल, तर तिच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही. काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि नकार दिला तर काय होईल, एवढं सांगितल्यावरच ती संमती. काउंटरवरच्या क्लार्कला यातलं काय सांगता येणार आहे? त्याचं काम बिल करायचं.

आणि नेमकं गर्भाशयाच्याच बाबतीत आपल्याकडं काय चाललंय बघा. अंगावरून पांढरं जातंय, पाळीला जास्त जातंय, वय पस्तीस-अडतीस. सोनोग्राफी होते आणि वाक्य येतं, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका." कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर कुठली बाई दुसरा प्रश्न विचारेल? नुसतं पांढरं जाणं हे अनेकदा जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी आहे, तुकडा काढून तपासता येतो. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, हार्मोनची कॉपर-टीसारखी कांडी आहे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर त्या वयात अंगातून गरम वाफा, हाडं ठिसूळ, पुढची वीस वर्षं दुखणं, हे आधी सांगितलंच पाहिजे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेलं. बीडच्याच टोळ्या दर हंगामात सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात, खोपटात राहतात. पाळीत सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, म्हणून त्या "काढून टाका" ला हो म्हणतात. मोळ्या उचलणाऱ्या बाईला ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे जड उचलायचं नाही हे जो सांगत नाही, त्यानं तिला काहीच सांगितलेलं नाही.

हृदयाचं वेगळं. अटॅक चालू असेल, छातीत कळ आणि ईसीजीत तसा बदल, तर तिथं वाद घालू नका. एकेक मिनिट स्नायू मरत असतो, ताबडतोब शीर मोकळी करणं हाच उपाय. पण चढावर दम लागतो, बसलं की बरं वाटतं, महिनोन्महिने तसंच आहे, अशा माणसाची ॲन्जिओग्राफी सुरू असताना नातेवाइकांना काचेपलीकडून पडदा दाखवायचा, "ऐंशी टक्के ब्लॉक आहे, आत्ता सांगा, टाकायचा का स्टेंट?" हा काय प्रकार? पाच हजारांवर पेशंटवरच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२० साली आला. अशा स्थिर आजारात, डाव्या मुख्य शिरेत मोठा अडथळा नसेल तर, औषधांवर राहणारे आणि सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेले, यांच्यात मृत्यू आणि अटॅकच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंटनं जास्त कमी झालं. म्हणजे दुखण्यासाठी स्टेंट घ्यायचा की औषधं वाढवून बघायची, हे ज्याचं दुखणं त्यानं ठरवायचं. स्टेंटनंतर महिनोन्महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी. दरमहा तो खर्च झेपेल का, हे टेबलावर झोपवण्याआधी विचारायचं असतं.

डॉक्टरांवर ताण नाही असं कोण म्हणतं? सकाळभरात शंभर नंबर, वर मारहाणीची भीती. त्या मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. पण राडा होतो तिथं आधी काय झालेलं असतं? तीन दिवस "सगळं ठीक आहे, बघतोय आम्ही" आणि चौथ्या दिवशी एकदम "गेले". किडनी साथ देत नाही, पुढचे दोन दिवस अवघड आहेत, हे दुसऱ्या दिवशीच एका कोपऱ्यात बसवून, एकाच जबाबदार डॉक्टरनं सांगितलं असतं तर त्या घरानं मन घट्ट केलं असतं.

नातेवाईकही कमी नाहीत. "आप्पांना सांगू नका हं, ते खचतील." आप्पांना केमोची तिसरी बाटली लागलीय, केस गेलेत, आणि त्यांनी समजायचं की साधी गाठ होती? आप्पांना जमिनीची वाटणी करायची असेल, बँकेतल्या ठेवीचं सांगायचं असेल. किती जाणून घ्यायचंय हे त्यांनाच विचारा. "नको सांगू" म्हणाले तर तो त्यांचा शब्द. आणि बायकोच्या गर्भपातासाठी नवऱ्याची सही मागणारे अजून आहेत! १९७१ च्या कायद्यात अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही त्यात नाही.

हॉस्पिटलच्या दर्शनी भागात रुग्णहक्कांची सनद लावायची, असं राज्याच्या २०२१ च्या नियमांत आहे. लावलेली नसेल तर कुठं आहे म्हणून विचारा. ॲडमिट पेशंटची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. लेखी अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला, पुड्यासुद्धा. तीन प्रश्न वहीत मराठीत लिहून न्या: हे नाही केलं तर काय होईल, दुसरा कुठला इलाज आहे, शंभरातल्या किती जणांना फायदा आणि किती जणांना त्रास होतो. "धोका निम्मा होतो" यावर समाधान मानू नका. शंभरात दोनाचा एक झाला तरी निम्माच होतो.

आणि आईला घेऊन गेलात तर डॉक्टरांसमोरची खुर्ची तिला द्या, तुम्ही मागं उभे राहा. डॉक्टर तुमच्याकडं बघून बोलायला लागले तर म्हणा, "डॉक्टर, तिलाच सांगा, तिला ऐकू येतंय."