‘हुशार मुलगा कुठेही चमकतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. दोन ओळीत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, आपल्याकडची म्हणजे परभणी, बीड, लातूर, नांदेडकडची मुलं इंजिनिअरिंगला पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, नाहीतर आयआयटी असाच हट्ट का धरतात यावर मी मागे लिहिलं होतं, त्यावर सरांचं म्हणणं असं की हा लेख म्हणजे ब्रँडची पूजा आहे, हुशार मुलगा कुठेही चमकतो, सरांच्या ग्रामीण कॉलेजमधून शिकलेला एक विद्यार्थी आज बेंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे, नावाची हाव मुलांना पालकांनी लावली ती स्टेटसला टाकायला, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षण गावात आणलं ते काय आता सगळ्यांनी पुन्हा पुण्या-मुंबईला पळावं म्हणून? शेवटी एक प्रश्नही विचारलाय, त्यावर खाली येतो.

स्टेटसचं आधी. हो, तसे पालक आहेत, मी पण बघतो. ॲलॉटमेंट लागली की अर्ध्या तासात फोटो, पेढे, अभिनंदनाचे बॅनर. पण सर, जून-जुलैमध्ये ओळखीतल्या मुलांचे कॅप राऊंडचे (इंजिनिअरिंगच्या प्रवेश फेऱ्यांचे) ऑप्शन फॉर्म भरून द्यायला मी बसतो, आणि तिथे जे ऐकायला मिळतं ते वेगळं असतं. गंगाखेडच्या बाजूची एक मुलगी आली होती, वडील एसटीत कंडक्टर. घराजवळच्या कॉलेजला तिला कॉम्प्युटर मिळत होतं, डबा घेऊन रोज जाऊन-येऊन झालं असतं, आणि सीओईपीला मिळण्यासारखं होतं इन्स्ट्रुमेंटेशन. तिने इन्स्ट्रुमेंटेशन वर टाकायला सांगितलं. वडील शांतपणे म्हणाले, “बाळा, पुस्तकं तर तीच ना दोन्हीकडं? मग तिथं काय वेगळं शिकवतात?” ती म्हणाली, “पुस्तकं तीच आहेत पप्पा, पण तिथं विचारायला माणसं आहेत.” वडील काही बोलले नाहीत, मला म्हणाले टाका वरती.

माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे. तिला नाव मिरवायचं नव्हतं. तिच्या घरात, गल्लीत, नात्यात एकही इंजिनिअर नाही, इंटर्नशिप म्हणजे काय, गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) कधी द्यायची, कोणत्या कंपनीला काय लागतं हे सांगणारं कुणी नाही, आणि ही सगळी माणसं एका ठिकाणी जमलेली मिळतात ती जागा म्हणजे असलं कॉलेज.

यात मास्तर लोक फार वेगळे असतात असं मी म्हणत नाही, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंय, तुमच्यासारखे जीव तोडून शिकवणारे प्राध्यापक लहान कॉलेजात आहेत हे मला माहितीये. फरक पडतो तो सिनिअर मुलांमुळे. सीओईपीच्या मुलांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बनवला, वजन जेमतेम एक किलो, 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-34 रॉकेटवरून तो गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या मुलांचा ‘प्रथम’ गेला. पेपरात फोटो आले, कौतुक झालं, पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. असलं काम चार वर्षांत होत नाही. ज्या मुलांनी सुरुवात केली ती उड्डाण व्हायच्या कितीतरी आधी पास होऊन नोकरीला लागली होती, त्यांनी पुढच्यांना शिकवलं, त्या पुढच्यांनी त्यांच्या पुढच्यांना, वह्या, फाइल्स, चुका, कुठला पार्ट कुठून मागवायचा, इस्रोच्या लोकांशी काय आणि कसं बोलायचं, हे सगळं हातातून हातात गेलं. पहिल्या वर्षाला आलेलं पोरगं नुसतं सोल्डरिंग करत बसतं आणि तिसऱ्या वर्षाला तेच पोरगं दुसऱ्याच्या हातातली सोल्डरिंग गन धरून सांगतं की इतकं टेकवू नको, ट्रॅक उचलला जाईल. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. सीओईपी 1854 पासून आहे, व्हीजेटीआय 1887 पासून, आयआयटी मुंबई 1958 पासून. इतक्या वर्षांत साठलेलं हे जे काही आहे ते पंधरा वर्षांपूर्वी माळावर उभ्या राहिलेल्या कॉलेजात, इमारत कितीही चकाचक बांधली तरी, लगेच येत नाही.

ती मुलगी दिवाळीला घरी आली तेव्हा भेटली होती. कॉलेजबद्दल विचारलं तर लेक्चरबद्दल एक शब्द नाही, होस्टेलच्या रूमवर कोण कोण आहे तेच सांगत होती. एकजण कोडिंगच्या स्पर्धा देते, एक जर्मन शिकतेय, एक सकाळी बोट क्लबला जाते. आणि मग हळूच म्हणाली की “इथं मी पहिली यायचे, तिथं मधे कुठंतरी आहे, पहिले दोन महिने रडले, आता बरं वाटतंय.” पहिला नंबर सवयीचा झालेल्या मुलीला आपण मधे कुठंतरी आहोत हे कळणं खूप मोठी गोष्ट आहे आणि ते वयाच्या अठराव्या वर्षी कळलं तर पुढची चार वर्षं हातात असतात.

आता ‘हुशार मुलगा कुठेही चमकतो’. सर, यावर खरंच अभ्यास झालेत आणि त्यातला एक अर्धा तुमच्या बाजूचा आहे म्हणून मुद्दाम सांगतो. अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये पेपर लिहिला, त्यात त्यांनी सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं घेतली, काही नावाजलेल्या ठिकाणी गेली आणि काही कमी नावाच्या ठिकाणी, आणि पुढे जाऊन दोघांचे पगार बघितले तर साधारण सारखेच निघाले. म्हणजे कमाई मुलाच्या कुवतीमुळे झाली, कॉलेजच्या पाटीमुळे नाही. तुमचंच म्हणणं. पण त्याच पेपरात एक अपवाद आहे, गरीब घरातल्या मुलांचा. त्यांना मात्र नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झाला. आणि पुढे त्याच दोघांनी पुन्हा अभ्यास केला तेव्हा कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि ज्यांचे आईवडील कमी शिकलेत अशा मुलांच्या बाबतीतही हेच दिसलं. अमेरिकेची गोष्ट आहे, तशीच्या तशी इथे लागू होईल असं नाही, पण कारण सरळ आहे आणि ते इथेही तेच आहे. डॉक्टरच्या, वकिलाच्या, कंपनीत मॅनेजर असलेल्याच्या मुलाला घरातूनच चार फोन होतात, त्याला कॉलेजने काय द्यायचंय? कंडक्टरच्या मुलीसाठी ते चार फोन करणारं जगात फक्त तिचं कॉलेज असतं. म्हणून ‘कॉलेजने काही फरक पडत नाही’ हे वाक्य मला जरा टोचतं, ते बहुतेक वेळा ज्यांना फरक पडत नाही त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं (तुमच्याबद्दल नाही सर, तुम्ही तर स्वतः लहान गावातून आलात असं लिहिलंय).

तुमच्या बेंगळुरूच्या विद्यार्थ्याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच्या बॅचमधले त्याच्याइतकेच हुशार किती जण आज कुठे आहेत? मी बघितलंय काय होतं ते. कंपनीला इंटरव्ह्यू घ्यायला माणसं पाठवायला खर्च येतो, दिवस जातात, म्हणून ती अशा ठिकाणी जाते जिथे एका दिवसात पन्नास चांगली मुलं भेटतील. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये हीच गोष्ट मांडली, की नोकरी देणाऱ्याला समोरच्याच्या अंगातलं कसब आधी दिसत नाही म्हणून तो डिग्रीसारख्या खुणेवरून अंदाज बांधतो, त्यांना पुढे 2001 चं नोबेलही मिळालं. लहान कॉलेजातल्या हुशार मुलाला कंपनी नाकारत नाही सर, ती त्याला बघतच नाही. त्याचा रेझ्युमे कॉलेजच्या नावाच्या फिल्टरमध्येच अडकतो. हे चूकच आहे, माझं त्यावर दुमत नाहीच. पण व्यवस्था चूक आहे म्हणून अठरा वर्षांच्या पोराने तिच्याशी एकट्याने लढावं अशी अपेक्षा आपण कशी करायची, त्याला तर चार वर्षांनी घरी पैसे पाठवायचेत.

पैशाचंही बोलतो कारण तुमचा समज असा दिसला की मोठं कॉलेज म्हणजे मोठी फी. उलट आहे. सरकारी आणि अनुदानित जुन्या संस्था खाजगीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला दोन लाख दिसते खरी, पण घरचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ आहे, पाच लाखांच्या आत असेल तर दोन तृतीयांश माफ, आणि एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ. 2024 पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झालीये. राहतो तो होस्टेल-मेसचा खर्च, आणि तिथेच खूप मुलींचं गाडं अडतं, त्यावर वेगळं लिहीन.

कर्मवीरांबद्दल. तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. त्यांची रयत शिक्षण संस्था नसती तर आमच्या मागच्या पिढीतलं कुणी शाळेत गेलं नसतं. पण कर्मवीर स्वतः शिकायला कोल्हापूरला गेले होते ना? आणि तिथे शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाची बोर्डिंगं काढायला सुरुवात केली ती कशासाठी, तर खेड्यातल्या पोराला शहरातल्या चांगल्या शाळा-कॉलेजात टिकता यावं म्हणून. हुशार असेल तर गावातच चमकेल असं म्हणून महाराज गप्प बसले नाहीत. बाबासाहेब 1913 ला बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वर्गमित्रांचा आणि ड्युई, सेलिग्मन अशा प्राध्यापकांचा उल्लेख त्यांनी आयुष्यभर कृतज्ञतेने केला, आणि परत येऊन मुंबईला सिद्धार्थ कॉलेज काढलं, औरंगाबादला मिलिंद काढलं. चांगल्या ठिकाणी जाणं आणि चांगलं आपल्या लोकांपर्यंत आणणं ही एकाच माणसाने केलेली दोन कामं आहेत, मग आपण त्यांना एकमेकांविरुद्ध का उभं करतोय?

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. या हट्टापायी दहावीनंतर दोन वर्षं मुलांचं जे होतं ते भयंकर आहे. लातूरला, नांदेडला, कोटाला, एका खोलीत तिघं-चौघं, सकाळी सहाला क्लास, कॉलेज नावापुरतं, रविवारी टेस्ट, आणि रँक गडगडली की आईला फोन करायचीही भीती. जागा मूठभर आणि मुलं लाखांनी, त्यामुळे बहुतेकांच्या पदरी निराशाच येणार हे गणितच आहे. म्हणून मी कुठल्याच मुलाला ‘आयआयटी नाही तर काही नाही’ असं सांगत नाही, आणि ड्रॉप घेण्याआधी घरच्यांशी तीनदा बोल म्हणतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ‘मग आमच्या कॉलेजात राहिलेल्या मुलांनी काय करायचं?’ प्रश्न बरोबर आहे. पहिलं म्हणजे गेट. तिथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, स्कोअर आला की आयआयटीत एमटेक, वर महिन्याला 12,400 रुपये स्टायपेंड, शिवाय काही सरकारी कंपन्या त्याच स्कोअरवर घेतात. पण दुसऱ्या वर्षालाच सुरुवात करायला हवी आणि आपल्याकडे हे मुलांना कळतं शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत. दुसरं एनपीटीईएल, आयआयटीच्याच प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, बघायला घरचं इंटरनेट पुरतं. एमपीएससी-यूपीएससीला तर कॉलेजचा प्रश्नच नाही.

आणि तिसरं काम तुमच्या हातातलं आहे सर. बेंगळुरूच्या त्या विद्यार्थ्याचा नंबर तुमच्याकडे असेलच. त्याला सांगा महिन्यातून एक रविवार, एक तास, तुमच्या कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी ऑनलाइन बोल. भाषण नको, मुलांनी आपापले रेझ्युमे दाखवायचे, प्रोजेक्ट दाखवायचे आणि त्याने सांगायचं की हे काढ, हे शिक, इथे अर्ज कर. त्याच्या ओळखीतले अजून दोघं-तिघं जोडले तर फारच छान. तो हो म्हणाला की मला कळवा, वेळ आणि लिंक मी इथे टाकतो, परभणीकडची माझ्या ओळखीतली मुलं पण बसतील.